उभ्या ट्रॉलीची राखण

ट्रॅक्टरची ट्रॉली हे इंजिन, किल्ली, कुलूप, भोंगा आणि मालकाचे लक्ष या पाचही गोष्टींवाचून चालणारे वाहन आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या दुसऱ्या कलमाने मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरही घेतला आहे. त्यामुळे मोटार नसूनही ट्रॉली कायद्याने मोटार वाहन ठरते. तिला स्वतःचा नोंदणी क्रमांक लागतो. सातारा जिल्ह्यात तो एमएच 11 ने आणि कऱ्हाडकडे एमएच 50 ने सुरू होतो, सांगली जिल्ह्यात एमएच 10 ने. ट्रॅक्टर म्हणजे स्वतः ओझे वाहण्यासाठी न बनवलेले वाहन, असे हाच कायदा सांगतो. एकाला ओढता येते पण वाहता येत नाही, दुसरीला वाहता येते पण हलता येत नाही. असा हा दोघांचा संसार एका पिनेवर चालतो.

पिन म्हणजे अंगठ्याहून जाड लोखंडी सळई. ट्रॉलीच्या दांडीचे भोक ट्रॅक्टरच्या हुकात आणायचे, वरून पिन सोडायची, खालून खिळा नाहीतर तार अडकवायची, की जोडणी झाली. तिचा मोठा गुण असा, की कोणत्याही कंपनीचा ट्रॅक्टर कोणत्याही गावच्या ट्रॉलीला चालतो. पत्रिका बघावी लागत नाही. तिचा मोठा दोषही हाच. मोटारसायकल चोरायची तर वायरी जुळवाव्या लागतात, चारचाकी चोरायची तर काच फोडावी लागते. ट्रॉलीला एक ट्रॅक्टर, एक पिन आणि मागे बघत ट्रॅक्टर नेमका दांडीसमोर आणणारा एक ड्रायव्हर एवढे भांडवल पुरते. यातला ड्रायव्हर मिळणेच अवघड असते, आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या पुष्कळ ट्रॉल्या आजवर केवळ त्यामुळे बचावल्या असाव्यात.

ट्रॉलीच्या वर्षाचे दोन भाग पडतात: पळण्याचे महिने आणि उभे राहण्याचे महिने. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली की पळणे सुरू होते. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला की थांबते. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, शेंद्र्याचा अजिंक्यतारा, साखराळ्याचा राजारामबापू, वाळव्याचा हुतात्मा, कुंडलचा क्रांती, वांगीचा सोनहिरा या कारखान्यांच्या वाटांवर हंगामात एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या रात्रंदिवस धावत असतात. या काळात ट्रॉलीला धोका कमी असतो. तिच्यापुढे मालकाचा ट्रॅक्टर असतो आणि ट्रॅक्टरवर एवढ्या मोठ्या आवाजात गाणी लागलेली असतात, की ती कुठे आहे हे दोन गावांना कळते. कारखान्याच्या आवारात तर वजनकाट्याचा नंबर येईपर्यंत शेकडो ट्रॉल्या एकीला एक खेटून उभ्या राहतात. तिथून एखादी चोरायची तर ती वरून उचलून न्यावी लागेल.

हंगामातला एकच प्रसंग वरवर धोक्याचा वाटतो. चढ लागला की ड्रायव्हर मागची ट्रॉली पायथ्याशी सोडतो, पुढची वर नेऊन उभी करतो आणि मागचीसाठी परत येतो. तेवढ्या वेळात एक ट्रॉली खाली आणि एक वर, अशा दोन्ही बेवारस असतात. तरीही त्यांना कोणी हात लावत नाही. दोन्ही ओढायची ताकद मालकाच्याच ट्रॅक्टरला नव्हती म्हणून त्या तिथे राहिलेल्या असतात, हे चोरालाही दिसत असते. चोरी होते ती ट्रॉलीतल्या उसाची. शाळेतून घरी निघालेली पोरे चालत्या ट्रॉलीतून कांडे उपसतात आणि शेतकरी त्याकडे डोळेझाक करतो. वजन कमी भरले तर मात्र पोरांचा संशय घेत नाही, काट्याचा घेतो.

हंगामात मोठी रक्कम जाते ती वेगळ्याच वाटेने. वाहनमालक ऊसतोडीच्या टोळीसाठी मुकादमाला काही लाखांची उचल देतो. दिवाळी होते, टोळी येत नाही, मुकादमाचा फोन बंद लागतो. ट्रॉली दारात जागच्या जागी असते आणि तिच्या किमतीहून जास्त पैसा नाहीसा झालेला असतो. अशा फसवणुकीच्या तक्रारी दोन्ही जिल्ह्यांतल्या पोलीस ठाण्यांत हंगामागून हंगाम दाखल होतात. या फसवणुकीवर कोणतेही कुलूप चालत नसल्यामुळे या प्रकाराचा येथे अधिक विचार केलेला नाही.

पट्टा पडला की ट्रॉली उभी राहते. ती वस्तीसमोर, शेताच्या बांधावर, शाळेच्या भिंतीलगत, महामार्गाच्या सर्व्हिस रस्त्यावर किंवा ‘येथे वाहने लावू नयेत’ या फलकाला टेकून असते. वाहन धोकादायक रीतीने उभे करू नये असे मोटार वाहन कायद्याचे 122 वे कलम सांगते. वळणावर रिफ्लेक्टरवाचून उभ्या असलेल्या ट्रॉलीला चोरांपासून जेवढे भय असते, त्याहून अधिक भय रात्रीच्या मोटारसायकलवाल्यांना तिच्यापासून असते. ट्रॉली वाचवण्याआधी तिच्यापासून माणसे वाचवावीत, हा या विषयातला पहिला नियम. तिला रस्त्याच्या कडेवरून आत घेतले की दोन्ही कामे एकदम होतात.

महिनाभर जागेवर राहिलेली ट्रॉली हळूहळू वाहनपण सोडते. हौद्यात कडबा पडतो, कडब्यात कोंबडी अंडी घालते, चाकाला शेरडू बांधले जाते, फळक्यावर गोधडी वाळत पडते आणि दांडीवर बसून म्हातारी माणसे कारखान्याच्या दराची चर्चा करतात. पुढे तर ‘ट्रॉलीपाशी’ हा पत्ता होतो. पाहुण्यांना घर सांगताना तिचा उपयोग होतो. संरक्षणाच्या दृष्टीने ही अवस्था फार चांगली. जिच्यावर चार म्हातारी माणसे बसली आहेत ती ट्रॉली नेण्याचे धाडस कोणी करत नाही. आधी त्यांना उठवावे लागते आणि उठण्यापूर्वी ती कारण विचारतात.

चोरी रात्रीच होते असा सार्वत्रिक समज आहे आणि तो पुष्कळ अंशी खरा आहे. रात्री ट्रॅक्टरचा आवाज दूरवर जातो, पण त्याने कोणी उठत नाही. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला आलेली असली की माणसे दोन वाजताही शिवारात जातात-येतात. धडधडत जाणारा ट्रॅक्टर त्यांना संशयाचा वाटत नाही. दिवसा तर संशयाचा प्रश्नच उद्भवत नाही. कोणी अनोळखी माणूस ट्रॅक्टर मागे घेऊ लागला आणि दांडी जुळेना, तर पारावरची माणसे स्वतः उठून मदतीला येतात. “आन मागं... आन... आन... थोडं डाव्या अंगाला... बास!” एखादा वाकून पिनही घालून देतो. मागाहून पोलिसांना त्या माणसाचे वर्णन देताना मात्र याच लोकांना एवढेच आठवते, की पोरगं हाताचं कच्चं होतं.

या मदतीमागे भाबडेपणा नाही, रिवाज आहे. दोन्ही जिल्ह्यांत ट्रॉली नावावर एकाच्या असली तरी वापरात गावाच्या असते. जसा कामाचा पैरा चालतो तशी ट्रॉलीही फिरते. शेणखत, विटा, मुरूम, पाइप, मांडवाचे बांबू, गणपतीची मिरवणूक, पुढाऱ्याची सभा हे सगळे तिच्यातून जाते. पालच्या खंडोबाची आणि मांढरदेवच्या काळूबाईची यात्राही तिनेच केली जात आली आहे. मालाच्या ट्रॉलीतून माणसे नेणे कायद्याला मान्य नाही, आणि यात्रेकरू ते कायद्यापेक्षा देवाच्या हवाल्यावर सोडून देतात. अशा गावात एकाची ट्रॉली दुसऱ्याच्या ट्रॅक्टरमागे जाताना दिसणे हेच नेहमीचे दृश्य असते. मालकच स्वतःची ट्रॉली स्वतः नेताना दिसला, तर लोक थांबून बघतात.

म्हणून ट्रॉली गेल्याचे कळणे ही एका क्षणाची घटना नसते. ती टप्प्याटप्प्याने घडते. पहिल्या टप्प्यात काहीच कळत नाही. अंगण मोठे वाटते एवढेच. दुसऱ्या टप्प्यात धाकट्या भावाने नेली असेल असे मालकाला वाटते आणि थोरल्याने नेली असेल असे धाकट्याला वाटते. दोघेही विचारत नाहीत, कारण विचारले तर डिझेलचा हिशोब निघतो. तिसऱ्या टप्प्यात पाहुण्यांना फोन जातो. “दाजी, ट्रॉली तुमच्याकडं हाय का?” “न्हाई बा. आमचीच कुणी न्हेलीय, ती हुडकायलोय.” चौथ्या टप्प्यात बांधावरून वाद असलेल्या भावकीवर संशय घेतला जातो आणि जुने भांडण नव्याने होते. पाचव्या टप्प्यात, साधारण चार दिवसांनी, चोरी झाली असावी ही कल्पना पुढे येते आणि घरातली बाई ती पहिल्या दिवसापासून सांगत होती असे निष्पन्न होते.

चार दिवसांत ट्रॉली बरीच लांब जाते. या भागाचा भूगोल चोराला अनुकूल आहे. म्हैसाळ ओलांडले की कागवाड येते आणि राज्य बदलते. जतच्या पुढे विजयपूर जिल्हा लागतो. फलटणवरून नातेपुते गाठले की सोलापूर जिल्हा, कोकरूडवरून मलकापूर गाठले की कोल्हापूर जिल्हा. नव्या गावी ती बहुधा नव्या रंगात पोहोचते. लाल असेल तर निळी होते, निळी असेल तर लाल होते. तिसरा रंग ट्रॉलीला शोभत नाही याबाबत चोर आणि मालक यांचे एकमत आहे. काहींचा शेवट याहून वाईट होतो. गॅसकटरने तुकडे होऊन त्या भंगारात वजनावर विकल्या जातात आणि हंगामभर टनावारी ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीचे स्वतःचे वजन तेव्हा प्रथमच कोणीतरी बारकाईने करतो.

संरक्षणाच्या उपायांत सर्वांत जुना उपाय पिन घरी नेऊन ठेवण्याचा. पिन उशाशी घेऊन निजणारे मालक अजूनही आढळतात. या उपायाने मालकाला शांत झोप लागते. याहून अधिक काही होत नाही, कारण चोर आपली पिन बरोबर आणतो. दुसरा उपाय चाके काढून ट्रॉली विटांवर किंवा दगडांवर चढवण्याचा. तो खरोखर परिणामकारक आहे. मात्र काढलेली चाके ठेवायची कुठे हा प्रश्न राहतो. ती पडवीत ठेवली तर घरातल्यांना वाट राहत नाही, बाहेर ठेवली तर चाकेच चोरीला जातात, आणि चार महिन्यांनी ती परत बसवताना निम्मे नट सापडत नाहीत. एकच चाक काढणे हा त्यावरचा शहाणपणाचा मार्ग: चोराचे काम तेवढेच अडते आणि मालकाचे एकाच चाकात भागते.

तिसरा उपाय साखळीचा. दोन चाकांच्या डिस्कमधून किंवा पाट्यांमधून जाड साखळी ओवून ती झाडाला किंवा जमिनीत पुरलेल्या रुळाच्या तुकड्याला बांधतात. साखळी भक्कम असते, झाडही भक्कम असते. कुलूप मात्र बहुतेक वेळा जुन्या ट्रंकेचे असते. साखळीएवढाच खर्च कुलपावर केला तर हा उपाय उत्तम. दांडीच्या भोकात बसणारे जाड कुलूप हा त्याचाच सुधारलेला प्रकार आहे. भोकच अडवले की कोणाचीही पिन आत जात नाही. गावातला वेल्डिंगवाला असे कुलूप तासाभरात करून देतो. दोन दिवसांत देतो असे सांगून तो महिना लावतो, तो भाग निराळा.

चौथा उपाय जागेचा. दांडी भिंतीकडे करून ट्रॉली लावली की तिला जोडता येत नाही. दोन ट्रॉल्या एकमेकींकडे दांड्या करून लावल्या की दोन्ही सुरक्षित होतात. हा उपाय फुकट आहे आणि म्हणूनच फारसा कोणी करत नाही. शिवाय तशी लावायची तर ट्रॅक्टर सोडवून ट्रॉली शेवटी हातांनी ढकलावी लागते. पाचवा उपाय ओझ्याचा. ट्रॉलीत दगड, मुरूम किंवा शेणखत भरून ठेवायचे. दगडाने चोर कंटाळतो. शेणखताने मात्र उलटा अनुभव येण्याचा संभव असतो, कारण ते कोणाला नको असते?

परदेशात हाच प्रश्न निराळ्या वाहनाला पडतो. तिकडे सुट्टीत राहण्यासाठी मोटारीमागे जोडायचे फिरते घर असते. त्यात पलंग, शेगडी, कपाटे सगळे असते, आणि वर्षातले बहुतेक महिने ते अंगणात नुसते उभे असते. ब्रिटनमध्ये 1992 पासून अशा घरांची नोंदवही ठेवली जाते. 17 अक्षरी-अंकी क्रमांक सांगाड्यावर ठोकतात आणि खिडक्यांच्या काचांवरही कोरतात, म्हणजे क्रमांक घालवायचा तर खिडक्याही घालवाव्या लागतात. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, पण साताऱ्या-सांगलीच्या रस्त्यांवर चाकांवरचे बिऱ्हाड त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. बीडकडून आणि जतकडून ऊसतोडीची कुटुंबे भांडी, शेरडे, कोंबड्या आणि लेकरांसह ट्रॉलीतूनच येतात आणि तशीच जातात. त्यांच्यासाठी ती सहल नसते.

ट्रॉलीला खिडक्या नसल्याने क्रमांक कोरण्याचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवावा लागतो. बहुतेक ट्रॉल्या कऱ्हाड, इस्लामपूर, विटा, सांगली अशा ठिकाणच्या कारखानदारांकडे किंवा गावच्याच वर्कशॉपमध्ये बनतात. मागच्या फळक्यावर देवाचे नाव, पोरांची नावे आणि मागून येणाऱ्याला अंतर ठेवण्याची सूचना असते. नंबरासाठी मग चिखलाखालची जागा उरते. रंगवलेले नाव रंगानेच जाते. म्हणून सांगाड्यावर, पाट्यांच्या आतल्या बाजूस, सहज न दिसणाऱ्या दोन-तीन ठिकाणी नोंदणी क्रमांक पंचने ठोकून किंवा वेल्डिंगने उठवून ठेवावा आणि त्याचे फोटो काढून ठेवावेत. हे केलेले नसले की पोलीस ठाण्यात ओळख पटवण्याचे काम फार लांबते. “रंग?” “लाल.” “चाकं?” “चार.” “खूण?” “मागल्या फळक्याला उजवीकडं पोक आलंय.” ही खूण तालुक्यातल्या निम्म्या ट्रॉल्यांना लागू पडते.

नव्या साधनांत जीपीएसचा बोलबाला आहे. ट्रॅक्टरवर ते बॅटरीवर चालते. ट्रॉलीला बॅटरी नसल्याने स्वतःची बॅटरी असलेले यंत्र घ्यावे लागते आणि ते वेळोवेळी चार्ज करावे लागते. ते चार्ज करायला काढले आणि घरातच विसरले, तर मोबाइलवर ट्रॉली सुखरूप घरी असल्याचे दिसत राहते. वेशीवरचे सीसीटीव्ही उपयोगी असतात, त्यातला एक जरी चालू असला तर. व्हॉट्सअॅपच्या गटावर ट्रॉलीचा फोटो टाकला की तो शंभर गावांत पोहोचतो. त्याखाली पहिले उत्तर शुभ सकाळचे येते, पण दुसरे-तिसरे कधी कामाचे असते. एकाच फोनवरून सगळ्या गावाला एकदम निरोप पोहोचवणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा जिथे सुरू आहे, तिथे तिचा उपयोग चौथ्या दिवशी न करता पहिल्या तासात करावा. 112 या क्रमांकालाही हाच नियम लागू आहे.

कायदा या बाबतीत मालकाच्या बाजूचा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 303 व्या कलमात साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण माल किंवा प्रवासी वाहून नेणारे वाहन चोरले तर 305 व्या कलमाने ती सात वर्षांपर्यंत जाते. चोरीची आहे हे माहीत असून ट्रॉली विकत घेणाराही 317 व्या कलमाखाली सापडतो. बाजारभावाच्या निम्म्या किमतीत, कागदाशिवाय, रात्री मिळणाऱ्या ट्रॉलीबद्दल आपल्याला काही माहीत नव्हते असे सांगणे त्याला जड जाते. कायद्याचा हा आधार घेण्यासाठी मालकाकडे मात्र नोंदणीचे कागद असावे लागतात. ट्रॅक्टरचा विमा काढला म्हणजे ट्रॉलीचा आपोआप निघत नाही. तिचा उल्लेख आणि हप्ता वेगळा लागतो. हे बहुतेकांना चोरीनंतर कळते आणि तेव्हा ते पुढच्या ट्रॉलीच्या उपयोगी पडते.

स्थानिक गुन्हे अन्वेषण शाखेने टोळी पकडली की जप्त ट्रॉल्या रांगेत उभ्या करून फोटो निघतो. त्यानंतर ट्रॉली पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहते. तिथे तिला पुन्हा चोरीचे भय नसते. मालकाला ती न्यायालयाच्या आदेशाने सुपुर्दनाम्यावर मिळते. तोवर हौद्यात गवत उगवते आणि मालक तारखेला जाताना तिला बाहेरून बघून येतो. परत आणल्यावर महिनाभर तिला रोज साखळी लागते. पुढे एक दिवस शेजारी खतासाठी मागतो, साखळी सोडली जाते आणि ती पुन्हा लावायचे राहून जाते.

सगळे उपाय तपासून पाहिले तर निर्णय असा निघतो: कुलूप, साखळी, काढलेले चाक आणि ठोकलेला क्रमांक हे चारही उपाय चांगले आहेत, पण ट्रॉली जाते ती त्यांच्या अभावी कमी आणि ‘नेली असेल कुणीतरी’ या समाधानामुळे जास्त. तेव्हा ट्रॉली मागून नेणाऱ्याने सांगून न्यावी, काम झाल्यावर सांगून आणून लावावी आणि फळके पुसून द्यावे. मालकाने ती दिवसातून एकदा डोळ्यांनी बघावी. बाकीच्यांनी, ओळखीचा नसलेला ट्रॅक्टर ट्रॉलीला दांडी जुळवताना दिसला तर ‘आन मागं’ म्हणण्याआधी ‘कुणाचा रं तू?’ एवढे विचारावे. या प्रश्नाला अजून कोणत्याही चोराला धड उत्तर देता आलेले नाही.